पिशवी नव्हती, अंडाशय होते: दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पेशी तपासून झालेलं एक निदान

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. ओळख पटू नये म्हणून गाव, महिने आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी छोटी लॅब चालवते. या प्रकरणात मी दोनदा आले. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडून चूक झाली, ती पुढे सांगते.

नवरा-बायको दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्या हंगामात जानेवारीत, फडावरच, तिला पोट जड वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. उचल घेतलेली असल्याने मधेच गावी परतणं शक्य नव्हतं. गॅसच्या गोळ्यांवर हंगाम काढला. मार्चअखेर गावी आली तेव्हा हातपाय वाळलेले आणि पोट सात महिन्यांच्या बाईसारखं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पोटात पाणी होतं, ते थोडं काढून तपासायला पाठवलं. पाण्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त, प्रथिनं जास्त, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ३४. हा आकडा ३९-४० च्या वर गेला तर टीबीकडे बोट जातं, इथे तो सीमारेषेच्या जरा खाली होता. पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट एका ओळीचा: ‘घातक पेशी आढळल्या नाहीत.’ वजन कमी, बारीक ताप, पोटात पाणी, कॅन्सर नाही. आपल्याकडे या चार गोष्टी एकत्र आल्या की पुढचं औषध ठरलेलं असतं. एप्रिलमध्ये टीबीचा कोर्स सुरू झाला.

जूनमध्ये नवरा तिला आमच्या गावातल्या सर्जनकडे घेऊन आला. “गोळ्या चालूच हायत साहेब, एक दिवस चुकवला नाही. पण पोट कमी व्हायचं सोडून फुगायलंच.”

अडचण कुठे होती

सीटी स्कॅनमध्ये भरपूर पाणी दिसलं. ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची झालर, जाड झालेली. उजवीकडे ओटीपोटात सुमारे ५ सेंटिमीटरची गाठ. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरात वाढणारा रक्तातला मार्कर, होतं ४८०, सर्वसाधारण मर्यादा ३५ ची. रेडिओलॉजिस्टनी शेवटी लिहिलं होतं: ‘पेरिटोनियल कार्सिनोमॅटोसिस / पोटाचा टीबी.’ म्हणजे पोटाच्या अस्तरावर पसरलेला कॅन्सर किंवा टीबी. सगळं प्रकरण त्या दोन नावांमधल्या तिरक्या रेघेत अडकलं होतं. सीए-१२५ ने ती रेघ पुसली जात नाही, कारण पोटाच्या टीबीतही तो आकडा शेकड्यांत जातो. पाणी, जाड ओमेंटम, बारीक गाठी हे सगळं दोन्हीकडे सारखंच असतं.

त्यात तिच्या जुन्या ऑपरेशनची भर. सहा वर्षांपूर्वी पिशवी काढलेली. कागद एकही नाही. अंडाशय काढले की ठेवले, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामुळे आमच्या भागात ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय’ हे वाक्य रुग्णाच्या इतिहासात इतक्यांदा ऐकू येतं की लिहून घेणारा पुढचा प्रश्नच विचारत नाही. सर्जननी विचारला. ती म्हणाली, “काढलीय ना. ठेवली तर कॅन्सर व्हईल म्हनले होते. काढली, आता नाही व्हायचा.”

अंडाशय जागेवर असतील तर अंडाशयाचा कॅन्सर शक्य होता, आणि ओटीपोटातली ती ५ सेंटिमीटरची गाठ अंडाशयाचीच असण्याची शक्यता मोठी होती. पिशवी गेली म्हणून तो विचारच मागे पडला होता.

सर्जननी मला फोन केला तेव्हा मी सवयीने रजिस्टर उघडलं आणि एप्रिलच्या पानावर तिचं नाव सापडलं. तो एका ओळीचा रिपोर्ट माझ्या सहीचा होता. शेरा होता: पाणी ८ मिली, नमुना काढून ३० तासांनी मिळाला. मराठवाड्यातला एप्रिल, बर्फ नाही, एसटीच्या पार्सलने आलेली बाटली. स्लाईड परत काढून पाहिली. पेशी फुगलेल्या, केंद्रकं विरघळलेली, निम्म्या ओळखूच येत नव्हत्या. ‘घातक पेशी आढळल्या नाहीत’ हे खोटं नव्हतं. पण ‘पेशी तपासण्याजोग्या नाहीत, किमान ५० ते १०० मिली ताजा नमुना पाठवा’ असं मी लिहायला हवं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी माझी ओळ ‘कॅन्सर नाही’ अशी वाचली. त्यांच्या जागी मीही तशीच वाचली असती.

समोरचे पर्याय

टीबीचा कोर्स आणखी महिनाभर चालू ठेवून पाहणं, हा पर्याय पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला. दोन महिन्यांत वजन वाढत नाही, पाणी वाढतंय, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

पाणी पुन्हा, पण भरपूर काढून ताजं तपासणं, त्याचा सेल ब्लॉक करणं, म्हणजे पाण्यातल्या पेशी एकत्र गोळा करून बायोप्सीसारखे काप काढणं. हे आम्ही केलंच. दोन लिटर पाणी काढलं, त्यातलं २०० मिली माझ्याकडे अर्ध्या तासात आलं. काही गोळके संशयास्पद वाटले, पण छातीठोक सांगता येईना. पोटाच्या अस्तराच्या पेशी, मेसोथेलियल पेशी, सूज आली की इतक्या चाळवतात की कॅन्सरचं सोंग हुबेहूब घेतात. मी ‘संशयास्पद’ लिहिलं. संशयावर केमोथेरपी देता येत नाही.

सोनोग्राफीखाली सुईने ओमेंटमचा तुकडा घेणं, हा पर्याय प्रामाणिकपणे सांगायचा तर कितीतरी रुग्णांत सर्वांत स्वस्त आणि पुरेसा असतो. इथे ओमेंटम जेमतेम एक सेंटिमीटर जाड होतं, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी पुढे चिकटलेली वाटत होती, आणि अशी सुई रोज चालवणारा हात गावात नव्हता.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात थेट पाठवणं. मी याच बाजूची होते. पण नवऱ्याने विचारलं, “तिथं गेल्यावर तरी लगेच सांगत्यात का काय हाय ते?” निदानाशिवाय गेली तर तपासण्यांचं चक्र तिथे नव्याने सुरू होणार, दोन खेपा, मुक्काम, रोज बुडणार. सर्जनचं म्हणणं होतं की निदान हातात देऊन पाठवू. शेवटी मलाही ते पटलं, मात्र एका अटीवर: दुर्बीण घालायची ती फक्त पाहायला आणि नमुना घ्यायला.

आदल्या संध्याकाळी काय ठरलं

आमचा खरा वेळ इथे गेला. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मी, चहाच्या कपांसोबत पाऊण तास.

टेबलावर कॅन्सर निघाला तरी गाठ काढायची नाही. पसरलेला अंडाशयाचा कॅन्सर अर्धवट काढून रुग्णाचं भलं होत नाही, उलट केमो लांबते. मोठं ऑपरेशन करायचं तर सगळा रोग काढता येईल अशा ठिकाणी, अशा हातांनी. टीबी निघाला तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा नाही, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची, वाट बंद होते. म्हणून प्रत्येक नमुन्याचे तीन वाटे: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक निव्वळ सलाईनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी, आणि एक माझ्या स्लाईडवर.

स्लाईड कशासाठी, हेही नीट बोलून घेतलं. मोठ्या शहरात ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन करतात. तुकडा गोठवून, पातळ काप काढून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. त्याला क्रायोस्टॅट लागतो, तो आमच्याकडे नाही. ठशाला, म्हणजे इम्प्रिंटला, सूक्ष्मदर्शक, काचा आणि रंग एवढंच लागतं. तुकडा काचेवर हलकेच टेकवायचा, पेशी काचेला चिकटतात. गाठ कडक असेल तर नुसतं टेकवून पेशी निघत नाहीत, सुरीच्या पात्याने खरवडून घ्यावं लागतं. अंतिम निदानाची अपेक्षा या ठशाकडून कुणीच धरू नये. घेतलेला तुकडा कामाचा आहे की नाही, एवढं जरी तो पोट उघडं असताना सांगू शकला तरी पुरे.

आत शिरण्याची जागा हा दुसरा मुद्दा. नेहमी बेंबीतून जातात. तिच्या पोटावर बेंबीखाली जुना उभा व्रण होता, खाली आतडं चिकटलेलं असण्याची भीती. म्हणून डाव्या बरगडीखालून, पामर पॉइंटवरून जायचं ठरलं. नाकातून नळी घालून जठर रिकामं करायचं आणि ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफीने तिथे पाण्याचा कप्पा आहे याची खूण करून ठेवायची. भूलतज्ज्ञांनी पोट फुगवायच्या गॅसचा दाब १० च्या वर नेऊ नका असं बजावलं. कित्येक महिने धड न जेवलेली बाई.

टेबलावर

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, स्टरलायझरशेजारच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. टोल्युइडिन ब्ल्यू या रंगाची बाटली, ९५ टक्क्यांचं अल्कोहोल भरलेली काचेची बरणी, काचांचा डबा. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा लाईट गेली.

दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर सगळीकडे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. पोटाच्या अस्तरावर, आतड्यांवर, यकृताच्या वर. सर्जन लगेच म्हणाले, “मॅडम, टीबीच दिसायलाय.” दिसत होताही तसाच. पोटाचा टीबी दुर्बिणीतून पाहिलेल्या कुणालाही हेच वाटलं असतं. त्यांनी पोटाच्या भिंतीवरचे दोन दाणे चिमट्याने काढून दिले.

पहिला तुकडा नर्सने सवयीने कोरड्या गॉजवर ठेवला. कोरडा गॉज वरच्या पेशी ओढून घेतो. चूक तिची नाही, आधी सांगायचं राहून गेलं ते माझ्याकडून. दुसरा तुकडा सलाईनने ओल्या गॉजवर आला. ठसा घेतला, एक काच लगेच अल्कोहोलमध्ये, दुसरी टोल्युइडिन ब्ल्यूखाली. लिम्फोसाइट, फायब्रिन, चाळवलेल्या मेसोथेलियल पेशी. ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारे पेशींचे गोळके, नाहीत, कॅन्सर नाही.

एप्रिलमधली ओळ पुन्हा लिहिता आली असती: घातक पेशी आढळल्या नाहीत. पडद्यावर टीबीसारखं चित्र, सर्जनचं मत टीबी, काचेवर सूज. तुकडे बाटल्यांत घालून पोट बंद करायला सगळं जुळत होतं. मी दारातून सांगितलं, “सर, हा नमुना पुरेसा नाही. टीबीही दिसत नाही, कॅन्सरही दिसत नाही. ओमेंटममधून द्या, जिथे जाड आणि कडक लागतंय तिथून.”

थोडी कुरबुर झाली. ओमेंटम ओढताना रक्त येतं, आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत होते. पण दिलं. तो तुकडा चिमटीतच वेगळा लागला, आतून कचकचीत, वाळू मिसळलेल्या पिठासारखा. टेकवून काही निघेना, खरवडला.

काच खाली सरकवली आणि उत्तर समोर आलं. एकमेकांना घट्ट बिलगलेले, कडेला बोटांसारखे पुढे आलेले पेशींचे पुंजके. केंद्रकं शेजारच्या लिम्फोसाइटच्या चार-पाच पट, ओबडधोबड, आत ठळक ठिपके. मेसोथेलियल पेशी शेजारी-शेजारी असल्या तरी त्यांच्यामध्ये खिडकीसारखी बारीक फट राहते. इथे फटी नव्हत्या. आणि त्याच काचेवर नेहमीच्या मेसोथेलियल पेशीही होत्या, म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या पेशी बाजूबाजूला. एका पुंजक्यात चुन्याचा गोल, वलयं-वलयं असलेला कण, सॅमोमा बॉडी. पाते कशाने कचकचलं ते कळलं.

मी एवढंच सांगितलं: “घातक आहे, ग्रंथीच्या प्रकारचा कॅन्सर. तुकडा पुरेसा आहे. कुठून आलाय ते मी या काचेवरून सांगणार नाही.”

आता सर्जनच्या मनात उजव्या अंडाशयाची गाठ. ती होतीच, पिशवीच्या जागेमागे, आतड्याला चिकटून. “सुई घालून त्यातलंही पाणी देतो.” मी नको म्हटलं. रोग ओमेंटमपर्यंत पोचलेला असताना त्या सुईने नवं काही कळणार नव्हतं, रक्तस्राव मात्र झाला असता. रोग अंडाशयापुरताच असता तर प्रश्न याहून गंभीर होता: बंद गाठ फोडून पेशी पोटात सांडल्या तर त्याच बाईचा टप्पा तिथल्या तिथे वाढतो. (पोटातल्या कुठल्याही पाणीदार गाठीला आधी सुई लावायची सवय आमच्या भागात आणखी एका कारणाने वाईट. शेळ्या-मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्यांत हायडॅटिड सिस्ट (जंतामुळे होणारी पाण्याची गाठ) निघते, आणि ती फुटली तर रुग्ण टेबलावरच कोसळू शकतो.)

सुईऐवजी जठर, अपेंडिक्स आणि मोठं आतडं पाहून घ्या असं म्हटलं. जठराचा कॅन्सरही अंडाशयावर असाच उतरतो. बाहेरून तिथे काही दिसलं नाही. तुकड्यांचे तीन वाटे केले, साडेतीन लिटर पाणी काढलं, एक तास दहा मिनिटांत पोट बंद.

निकाल

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून जठर आतूनही पाहिलं, स्वच्छ होतं. नवव्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट आणि बाहेरून करून आणलेले मार्कर हातात आले. पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ हे मार्कर पॉझिटिव्ह: अंडाशयाचा हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा, म्हणजे झपाट्याने वाढणारा अंडाशयाचा कॅन्सर. सीबीनॅट निगेटिव्ह. टीबीचा कोर्स त्या दिवशी थांबवला, टेबलावर नाही. दोन्ही आजार एकाच पोटात असू शकतात, आणि ठशावर भिस्त ठेवून औषध बंद करायची आमची तयारी नव्हती. कल्चरचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं, तेही निगेटिव्ह.

ती संभाजीनगरला फाइल घेऊन गेली आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून जुलैमध्ये कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो सुरू झाली. दुसऱ्या डोसनंतर पाणी आटलं, ती पुन्हा भाकरी खायला लागली. तीन डोसनंतर मोठं ऑपरेशन, मग आणखी तीन डोस. डिसेंबरअखेर सीए-१२५ मर्यादेत आलं. हा रोग पुन्हा डोकं काढतो हे तिच्या नवऱ्याला सांगितलेलं आहे, तिला किती सांगितलं हे मला ठाऊक नाही.

मधे एक गोष्ट घडली. दुसऱ्या डोसच्या आधी डाव्या बरगडीखालच्या छिद्राच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली. मी सुईने पाहिली: त्याच पेशी. केमोने ती विरली, उरलेला व्रण मोठ्या ऑपरेशनमध्ये काढला. ओमेंटमचा तुकडा आम्ही त्या छिद्रातून उघडाच ओढला होता.

आज पुन्हा केलं तर

तुकडा पिशवीत घालूनच बाहेर काढू. विकतची एंडोबॅग महाग पडते म्हणून टाळली होती. ग्लोव्हपासून केलेली पिशवी चालते, आता तीच वापरतो.

जठराची दुर्बीण आधी व्हायला हवी होती. दोन घासांत पोट भरणाऱ्या रुग्णात ती तपासणी पहिल्या आठवड्याची. आतून काही निघालं असतं तर कदाचित पोटात दुर्बीण घालण्याची वेळच आली नसती.

कर्करोग रुग्णालयात विचारलं गेलं की डायफ्रामवर (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्यावर) किती रोग होता, आतड्यांचं मूळ आक्रसलेलं होतं का. सगळा रोग काढता येईल का हे त्यावरून ठरतं. आमच्या पेनड्राइव्हवर ओटीपोटाचे बावीस फोटो आणि डायफ्रामचा एकही नाही. सर्जननी आता थिएटरच्या भिंतीवर फोटोंची यादी चिकटवली आहे.

पोटाच्या पाण्याचा रिपोर्ट माझ्या लॅबमधून आता चार ओळींचा जातो: किती मिली, किती तासांनी, तपासण्याजोगा होता की नाही. चौथी ओळ निदानाची. तालुक्याच्या दोन डॉक्टरांना मी थर्माकोलचे डबे आणि बर्फाच्या पिशव्या दिल्या आहेत. एक वापरतात.

या कॅन्सरात बीआरसीए जनुकाची तपासणी करायला सांगतात, कारण त्यातला दोष बहिणी-मुलींमध्येही असू शकतो. तिची तपासणी झाली, दोष सापडला. मुलगी एकोणीस वर्षांची, तिच्याशी बोलणं झालंय. थोरली बहीण आहे, तिचीही पिशवी काढलेली. फोन लावला तर त्या बहिणीच्या नवऱ्याने उचलला. ते कर्नाटकात फडावर आहेत, पाडव्याला येतील म्हणाला. अंडाशय काढले का, असं मी विचारलं. “पिशवी काढली म्हंजे सगळंच काढलं असंल की,” तो म्हणाला. वहीत तिचं नाव लिहून पुढे पाडव्यानंतरची तारीख टाकून ठेवली आहे.